एवढ्याशा वायूने पृथ्वी कशी तापते?

प्रश्न असा आहे: हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के आहे, पाण्याची वाफ त्याच्या कितीतरी पट आहे, आणि कार्बन डायऑक्साइड ज्या तरंगलांबीचे किरण अडवतो ते किरण तर आजही जमिनीजवळच जवळपास पूर्णपणे अडवले जातात. असे असताना त्यात थोडी भर पडल्याने सगळी पृथ्वी तापते, हे कसे मानायचे? हवेचे नमुने घेणे आणि त्यांतील वायू मोजणे हेच माझे गेल्या वीस-बावीस वर्षांचे काम असल्यामुळे हा प्रश्न मला अनेकदा, आणि बहुतेक वेळा खऱ्या कुतूहलाने, विचारला गेला आहे. त्यात तीन शंका एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत, म्हणून त्या सोडवून एकेक घेतो. तिन्हींच्या मुळाशी मात्र एकच सवय आहे, ती म्हणजे एखाद्या वायूचे महत्त्व हवेतील त्याच्या वाट्यावरून ठरवण्याची. वाटा किती, यापेक्षा दोन गोष्टी निर्णायक आहेत: पृथ्वीची उष्णता कोणत्या उंचीवरून अवकाशात निसटते, आणि तो वायू हवेत किती काळ टिकतो.

सुरुवात ऊर्जेच्या जमाखर्चापासून करावी लागते. पृथ्वीच्या कक्षेपाशी सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट ऊर्जा पोहोचते. पृथ्वी गोल आहे आणि तिची अर्धी बाजू नेहमी अंधारात असते, त्यामुळे हीच ऊर्जा संपूर्ण पृष्ठभागावर वाटली तर सरासरी सुमारे ३४० वॉट हाती येते. त्यातील साधारण ३० टक्के ढग, बर्फ आणि वाळवंटे यांच्यावरून तशीच परत फेकली जाते. उरलेली सुमारे २४० वॉट पृथ्वी शोषून घेते, आणि तापमान स्थिर राहायचे असेल तर तेवढीच ऊर्जा तिला बाहेर टाकावी लागते. अवकाश ही पोकळी असल्याने तिथे उष्णता वाहून नेणारा वारा नाही की स्पर्शाने उष्णता घेणारा पदार्थ नाही. बाहेर जाण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. दर चौरस मीटरला २४० वॉट या मार्गाने बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असायला हवे, असे गणित सांगते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान अधिक १५ अंशांच्या आसपास आहे. मधला ३३ अंशांचा फरक हवेने निर्माण केला आहे, आणि त्यालाच हरितगृह परिणाम म्हणतात. वातावरण उष्णतेला अडवून धरत असावे, हा विचार फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२४ साली मांडला होता. नाव मात्र फारसे नेमके पडलेले नाही. काचेच्या घरात ऊब टिकते ती मुख्यतः गरम झालेली हवा वर निसटू शकत नाही म्हणून, आणि वातावरणात घडते ते याहून निराळे आहे. पण हा शब्द आता इतका रूढ आहे की तोच वापरणे सोयीचे.

आता पहिली शंका, म्हणजे ०.०४ टक्क्यांची. कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, जवळपास २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याहून थोडा कमी आरगॉन असतो. या तिघांची बेरीज जवळजवळ सगळी हवा व्यापते, आणि पृथ्वीवरून निघणाऱ्या अवरक्त किरणांच्या दृष्टीने हे तिन्ही वायू जवळजवळ नसल्यासारखेच आहेत. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा रेणू दोन सारख्या अणूंचा असतो. तो कितीही थरथरला तरी त्याच्या दोन टोकांमध्ये विद्युतभाराचा असमतोल तयार होत नाही, आणि असा असमतोल झाल्याशिवाय रेणूला अवरक्त किरण पकडता येत नाही. आरगॉनचा तर एकटा अणू, त्यात थरथरायलाच काही नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तीन अणूंचा आहे: मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, तिन्ही एका ओळीत. ही ओळ मध्यभागी वाकते तेव्हा भाराचा समतोल ढळतो, आणि या वाकण्याच्या लयीशी जुळणारे किरण १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे असतात. पृथ्वीच्या तापमानाची वस्तू सर्वाधिक ऊर्जा ज्या पट्ट्यात बाहेर टाकते, त्या पट्ट्यातच ही तरंगलांबी येते. हा वायू बरोबर त्याच वाटेवर उभा आहे, जिथून पृथ्वीची उष्णता बाहेर पडते. म्हणून खरी तुलना ०.०४ विरुद्ध ९९.९६ अशी नाही. किरण न पकडणारे वायू कितीही असले तरी त्यांनी या वाटेवरची अडवणूक सौम्य होत नाही.

प्रमाण डोळ्यांपुढे आणण्यासाठी मी एक वेगळा हिशोब करून दाखवत असतो. डोक्यावरच्या सगळ्या वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीवरच्या दाबाला आणि तापमानाला एका शुद्ध थरात पसरला, तर तो थर सुमारे साडेतीन मीटर जाडीचा होईल. वजनात सांगायचे तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेसहा किलो. औद्योगिक युगापूर्वी हाच थर साधारण सव्वादोन मीटरचा होता. अतिनील किरणांपासून सजीवांचे रक्षण करणारा ओझोन याच पद्धतीने पसरला तर थर केवळ तीन मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि त्याच्या कामाबद्दल कुणी शंका घेत नाही.

हा गुणधर्म प्रयोगशाळेत फार पूर्वी पडताळला गेला. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट यांनी वेगवेगळ्या वायूंनी भरलेल्या काचेच्या नळ्या उन्हात ठेवल्या तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि सावलीत नेल्यावर सर्वांत सावकाश निवली. तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी लांब नळीची दोन्ही टोके सैंधवाच्या पातळ चकत्यांनी बंद केली, कारण काच स्वतःच अवरक्त किरण अडवते आणि मीठ अडवत नाही, आणि एकेका वायूचे शोषण मोजले. नायट्रोजन व ऑक्सिजनने किरण जवळजवळ तसेच जाऊ दिले. पाण्याच्या वाफेने आणि कार्बन डायऑक्साइडने ते अडवले. आज आम्ही वापरतो ती उपकरणे याच तत्त्वावर चालतात. एका बाजूने अवरक्त किरण सोडायचा, नमुन्याची हवा मधल्या नळीतून वाहू द्यायची आणि दुसऱ्या बाजूला किती किरण पोहोचला ते पाहायचे. जेवढा किरण कमी, तेवढा वायू जास्त. दर दहा लाख रेणूंमागे एका रेणूच्या दशांशाएवढा फरकही असे उपकरण ओळखते. हवेत हा वायू ०.०४ टक्के आहे हा आकडाच मुळी, त्या ०.०४ टक्क्याने किरण अडवल्यामुळे, आपल्याला कळलेला आहे. प्रमाण नगण्य म्हणून परिणामही नगण्य, असे म्हणणाऱ्याने या गोष्टीचा जरूर विचार करावा.

थोड्या रेणूंनी पकडलेली उष्णता बाकीच्या हवेला कशी मिळते, हेही पुष्कळांना कळत नाही. किरण पकडून थरथरू लागलेला रेणू जमिनीजवळच्या दाट हवेत दर सेकंदाला अब्जावधी टकरा अनुभवतो. स्वतः किरण सोडण्याची वेळ येण्याच्या कितीतरी आधी तो आपली ऊर्जा शेजारच्या नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूला देऊन मोकळा होतो. उलट दिशेनेही हेच चालते: टकरीतून ऊर्जा मिळालेले काही कार्बन डायऑक्साइडचे रेणू किरण सोडतात, वर आणि खाली, सर्व दिशांना. हवेच्या प्रत्येक थराने किती किरण सोडायचा, हे अशा रीतीने त्या थराच्या तापमानावर ठरते. पुढचे सगळे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

दुसरी शंका या तिघींत सर्वांत वजनदार आहे आणि तिला इतिहासही आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अरेनियस यांनी १८९६ साली कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचा हिशोब मांडला. त्यानंतर चारच वर्षांनी क्नुट ऑन्गस्ट्रॉम यांनी प्रयोगाच्या आधारे आक्षेप घेतला, की नळीतील वायू एक तृतीयांशाने कमी केला तरी पलीकडे पोहोचणाऱ्या किरणांत फारसा फरक पडत नाही; म्हणजे शोषण आधीच पूर्ण झाले आहे, आणखी वायू घालून उपयोग शून्य. हा युक्तिवाद इतका सरळ वाटला की पुढची कित्येक वर्षे बहुतेक शास्त्रज्ञांनी हा विषय बाजूला ठेवला. निरीक्षण अगदीच खोटे नव्हते. १५ मायक्रोमीटरच्या मध्यावरचा किरण जमिनीवरून निघाला तर काही मीटरांतच पकडला जातो, हे आजही खरे आहे. चूक झाली ती वातावरणाला एक नळी समजण्यात.

वातावरण थरांचे आहे. जमिनीवरून निघालेला किरण पकडला गेला म्हणजे गोष्ट संपत नाही. ज्या थराने तो पकडला तोही किरण सोडतो, तो वरचा थर पकडतो, तोही सोडतो, आणि असे करत करत ऊर्जा वर सरकते. हवा वर वर विरळ होत जाते, आणि एका उंचीवर ती इतकी विरळ होते की तिथून वर सुटलेला किरण पुन्हा पकडला न जाता थेट अवकाशात निघून जातो. पृथ्वीच्या उष्णतेचे खरे दार ही उंची आहे. आता हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला तर काय होते? पूर्वी ज्या उंचीवरून किरण निसटत होते तिथे आता वायू थोडा दाट झाला, म्हणून तिथून निघालेले किरण वरच पकडले जाऊ लागतात, आणि निसटण्याची उंची आणखी वर सरकते. तपांबरात, म्हणजे ढग-पाऊस घडतात त्या खालच्या थरात, दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे दार वर सरकले की ते थंड जागी गेले, आणि थंड थर कमी ऊर्जा बाहेर टाकतो. सूर्याकडून येणारे २४० वॉट तसेच येत आहेत आणि बाहेर जाणारे कमी झाले. ही तूट भरून निघेपर्यंत खालचे सगळे, जमीन, समुद्र आणि हवा, तापत राहते. नव्या उंचीवरचे तापमान पूर्वीच्या दाराइतके झाले की जमाखर्च पुन्हा जुळतो. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास निसटण्याची सरासरी उंची साधारण दीडशे मीटरने वाढते. साडेसहा अंशांच्या दराने दीडशे मीटरचा एक अंश होतो, आणि इतर काहीच बदलले नाही असे धरले तर दुपटीमागची तापमानवाढ जवळपास तेवढीच येते.

मध्यावर शोषण पूर्ण झाले असले तरी काठांवर ते अपुरेच असते, हा या उत्तराचा दुसरा भाग. १५ मायक्रोमीटरपासून दोन्ही बाजूंना जसजसे दूर जावे तसतशी वायूची पकड सैल होत जाते, आणि वायू वाढला की काठावरचे, पूर्वी निसटणारे, किरणही अडू लागतात. मध्याचा भाग पुरता भरलेला आणि काठ हळूहळू भरत जाणारे, या रचनेमुळे परिणाम सरळ पटीत वाढत नाही. दर दुपटीला सारखीच भर पडते, आणि ती भर दर चौरस मीटरला सुमारे चार वॉटची आहे. औद्योगिक युगापूर्वी दर दहा लाख रेणूंमागे २८० असलेला हा वायू आता ४२० झाला आहे, म्हणजे दीडपट; पहिल्या दुपटीच्या परिणामापैकी निम्म्याहून अधिक भाग तेवढ्यातच पदरात पडला आहे.

हे सारे कागदावरचे नाही. १९७० साली निंबस ४ या उपग्रहावरील उपकरणाने पृथ्वीवरून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांचा वर्णपट नोंदवला. त्या आलेखात ८ ते १२ मायक्रोमीटरच्या दरम्यान, जिथे ओझोनचा अरुंद पट्टा सोडला तर हवा बऱ्यापैकी पारदर्शक आहे, जमिनीच्या तापमानाशी जुळणारी ऊर्जा बाहेर येताना दिसते. आणि १५ मायक्रोमीटरपाशी एक खोल खळगा दिसतो, ज्याच्या तळाशी बाहेर पडणारी ऊर्जा उणे पन्नास अंशांच्या आसपासच्या हवेची असते. त्या तरंगलांबीत उपग्रहाला जमीन दिसतच नाही, दिसते ती वरची थंड हवा. खळग्याच्या अगदी मध्यावर एक बारीकसे वर आलेले टोक असते, कारण तिथला किरण त्याहूनही वरून, तपांबराच्या वर असलेल्या स्थितांबर या थरातून निघतो, आणि स्थितांबरात उंचीबरोबर तापमान वाढत जाते. माझ्या नवशिक्या सहकाऱ्यांना मी हा आलेख सर्वांत आधी दाखवतो आणि त्या बारीक टोकाचे कारण त्यांना स्वतः शोधायला लावतो. ते सापडले की बाकीचे समजावावे लागत नाही. १९९७ च्या उपग्रह-नोंदी १९७० च्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांच्या पट्ट्यांत बाहेर जाणारी ऊर्जा अपेक्षेप्रमाणे घटलेली आढळली.

स्थितांबराचाच आणखी एक पुरावा मला सर्वांत निर्णायक वाटतो. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापत असती तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापले असते. कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे तापत असेल तर मात्र खालचा थर तापून स्थितांबर थंड व्हायला हवे, कारण तिथे हा वायू मुख्यतः ऊर्जा बाहेर फेकण्याचे काम करतो. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ साली आपल्या गणितातून हेच वर्तवले होते. १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींत तपांबर तापताना आणि स्थितांबर निवताना दिसते. स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही त्यात हात आहे, पण वरच्या भागातील थंडावा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा आहे. मनाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरी शंका पाण्याच्या वाफेची. वाफ हा सर्वांत प्रभावी हरितगृह वायू आहे, यात वाद नाही: ३३ अंशांच्या नैसर्गिक परिणामात साधारण निम्मा वाटा वाफेचा, पाव वाटा ढगांचा आणि पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइडचा येतो. पण वाफेला स्वतःची मर्यादा आहे. ठरावीक तापमानाच्या हवेत ठरावीक वाफच मावते. जास्त झाली की पाऊस, दव किंवा बर्फ होऊन उतरते. वाफेचा एखादा रेणू हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहतो. त्यामुळे कितीही पाणी उकळून हवेत सोडले तरी दोन-तीन आठवड्यांत हिशोब पूर्ववत होतो, आणि हवेतील एकूण वाफ किती हे हवेचे तापमान ठरवते. तापमान एका अंशाने वाढले की हवेची वाफ धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी थोडी तापवली की वाफ वाढते, वाढलेली वाफ आणखी किरण अडवते, आणि मूळ तापमानवाढ साधारण दुप्पट होते. वाफ मागे मागे येते. पुढाकार तिचा नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि त्यासारखे, पाऊस किंवा बर्फ होऊन न उतरणारे वायू पूर्ण काढून टाकले तर काय होईल, याचा हिशोब संगणकीय प्रतिमानांवर केला गेला आहे: पृथ्वी थंड होत जाते, वाफ गळून पडते, बर्फ पसरते आणि काही दशकांत पृथ्वीचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली जाते. वाफेचा सगळा डोलारा ज्या खांबावर उभा आहे तो खांब या ०.०४ टक्क्यांचा आहे.

वाफ, बर्फ आणि ढग यांचे हे प्रतिसाद धरून कार्बन डायऑक्साइडच्या दुपटीमागे तापमान शेवटी किती वाढेल, याचा सर्वोत्तम अंदाज आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या, २०२१ च्या अहवालात ३ अंश असा दिला आहे, आणि २.५ ते ४ अंश ही संभाव्य मर्यादा. ही मर्यादा एवढी रुंद राहण्याचे मुख्य कारण ढग आहेत. खालचे ढग ऊन परतवतात, उंचावरचे पातळ ढग उष्णता अडवतात, आणि तापत्या जगात यांचे प्रमाण कसे बदलेल हा आमच्या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. पण अनिश्चितता किती तापेल याबद्दलची आहे, तापेल की नाही याबद्दलची नाही, आणि ती दोन्ही दिशांना आहे, हे विसरले जाते तेव्हा मला मनापासून काळजी वाटते.

इतर वायूंबद्दल थोडक्यात लिहितो. मिथेन औद्योगिक युगापूर्वी दर अब्ज रेणूंमागे सुमारे ७३० होता, आता १९०० च्या वर गेला आहे. पाणथळ जागा, भातशेती, रवंथ करणारी जनावरे, कचऱ्याचे ढीग, कोळशाच्या खाणी आणि नैसर्गिक वायूची गळती हे त्याचे मुख्य उगम. तो हवेत दहा-बारा वर्षे टिकतो. नायट्रस ऑक्साइड मुख्यतः नत्रयुक्त खतांमुळे वाढतो आणि शंभर वर्षांहून अधिक टिकतो. विजेच्या मोठ्या स्विचगिअरमध्ये वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड वजनास वजन धरून शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या चोवीस हजार पटींहून अधिक परिणाम करतो. तो टनांनी नव्हे तर किलोंनी सांभाळावा लागतो. शीतकरणात वापरल्या गेलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बनवर १९८७ च्या माँट्रियल कराराने बंधन घातले ते ओझोनसाठी, पण ते वायू तीव्र हरितगृह वायूही असल्याने तापमानवाढही त्यामुळे बरीच टळली. ओझोनचे छिद्र आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे जाता जाता सांगतो, कारण त्यांची गल्लत सतत होते. १७५० पासून २०१९ पर्यंत ऊर्जेच्या जमाखर्चात पडलेली भर पाहिली तर कार्बन डायऑक्साइडची २.१६, मिथेनची ०.५४ आणि नायट्रस ऑक्साइडची ०.२१ वॉट दर चौरस मीटर अशी आहे.

या वायूंना एकाच मापात बसवण्यासाठी 'कार्बन डायऑक्साइड-समतुल्य' असा आकडा वापरतात, आणि तो वाचताना सावध राहावे असे माझे मत आहे. एक टन मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट भरतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात २७ ते ३० पट. वायू तोच, टन तोच. बदलला तो फक्त काळ. मिथेनचे उत्सर्जन थांबवले तर काही दशकांत हवेतील त्याचे प्रमाण खाली येते, कार्बन डायऑक्साइडचे तसे येत नाही. दोघांना एका बेरजेत टाकले की हा मूलभूत फरक दिसेनासा होतो.

वाढलेला कार्बन डायऑक्साइड माणसाचाच कशावरून, हे प्रश्नात स्पष्ट विचारलेले नाही, पण मनात असतेच. त्याआधी मोजणी किती काटेकोर असते ते सांगतो. नमुना घेताना आम्ही वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतो, दोन-तीन खोल श्वास घेतो, श्वास रोखतो आणि मग कुप्यांच्या झडपा उघडतो. सुटलेल्या श्वासात या वायूचे प्रमाण सुमारे चार टक्के, म्हणजे भोवतालच्या हवेच्या जवळजवळ शंभर पट असते. सुरुवातीच्या काळात झडप उघडी असताना मी सोबत्याला एक शब्द बोललो, आणि त्या कुपीचा आकडा जोडीच्या कुपीपेक्षा कितीतरी वर गेला. नमुना टाकून द्यावा लागला. दोन कुप्या एकदम भरण्याचे कारण हेच, की दोघींत दहा लाखांमागे अर्ध्याहून अधिक फरक आला तर दोन्ही बाद करता याव्यात. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर, ३४०० मीटर उंचीवर, याच काटेकोरपणे मोजणी सुरू केली तेव्हा आकडा दहा लाखांमागे सुमारे ३१५ होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. दर वर्षी मे महिन्यात तो शिखर गाठतो आणि उत्तर गोलार्धातील झाडे पालवल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सहा-सातने उतरतो. पुढच्या मे महिन्यात पुन्हा आदल्या शिखराच्या वर जातो. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांची नोंद मिळते, आणि औद्योगिक युगापर्यंत हा आकडा साधारण १८० ते ३०० यांच्या दरम्यान राहिला होता.

मूळ शोधण्यासाठी साधा हिशोबही पुरतो. हवेतील प्रमाण दहा लाखांमागे एकाने वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. इंधन जाळून, सिमेंट बनवून आणि जंगले तोडून माणूस दर वर्षी सुमारे ४० अब्ज टन सोडतो, म्हणजे प्रमाण पाचने वाढायला हवे; वाढते ते सुमारे अडीचने. निम्मा वायू समुद्र आणि वनस्पती मिळून शोषत आहेत, म्हणजे निसर्ग एकूण पाहता घेत आहे, देत नाही. जगातील सर्व ज्वालामुखी मिळून माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही वायू सोडत नाहीत. शिवाय कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जुने असल्याने त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. त्यात कार्बन-१३ही कमी असतो. हवेतील कार्बनमध्ये या दोन्ही समस्थानिकांचे, म्हणजे कार्बनच्याच वेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण त्याच दिशेने बदलले आहे. आणि ज्वलनाला लागणारा ऑक्सिजनही हवेत अतिशय थोड्या पण मोजता येणाऱ्या प्रमाणात घटतो आहे.

उरतो टिकण्याचा मुद्दा, जो माझ्या मते लोकांपर्यंत सर्वांत कमी पोहोचला आहे. कार्बन डायऑक्साइडला मिथेनसारखे एक आयुष्य नाही. आज सोडलेल्या वायूचा काही भाग काही दशकांत समुद्रात आणि झाडांत जिरतो, काही भागाला शतके लागतात, आणि एक मोठा हिस्सा हजारो वर्षे हवेतच राहतो, कारण त्याला अखेर खडकांच्या झिजेतूनच बाहेर पडावे लागते. म्हणून तापमान ठरते ते यंदा किती सोडला यावरून नव्हे, आजवर एकूण किती सोडला यावरून. दर एक हजार अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश, असा हा संबंध बराचसा सरळ आहे. १८५० ते २०१९ या काळात सुमारे २४०० अब्ज टन सोडले गेले. गुणाकार केला तर १.०८ अंश येतात, आणि २०११ ते २०२० या दशकाचे तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत १.१ अंशाने जास्त नोंदले गेले. इतर वायूंची ऊब आणि धुरातील सल्फेटकणांचा गारवा यांनी आजवर एकमेकांना बरेचसे छेदले, म्हणून हा मेळ इतका जवळचा दिसतो. वाढलेल्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात गेलेला आहे, तो या हवेच्या आकड्यात दिसत नाही.

२०२० साली साथीमुळे जगाची वाहतूक आणि कारखाने थंडावले आणि वर्षभराचे उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनी घटले, तेव्हा अनेकांनी मला विचारले की हवेतील आकडा किती उतरला. तो उतरला नाही, चढलाच. पाच टक्क्यांची घट म्हणजे वार्षिक अडीचच्या वाढीत दशांशाच्या पहिल्या स्थानावरचा फरक. एका वर्षी पाऊस जास्त होऊन झाडे अधिक वाढली किंवा एल निनोमुळे कमी वाढली तरी याहून मोठा चढउतार होतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात मौना लोआचा मासिक सरासरी आकडा ४१७ झाला, आदल्या मे महिन्यात तो ४१५ च्या आत होता. नळ थोडा कमी सोडल्याने टाकीतले पाणी उतरत नाही. ती भरण्याचा वेग कमी होतो, आणि पातळी स्थिरावण्यासाठी आत येणारा प्रवाह, समुद्र आणि झाडे जेवढे खेचून घेतात त्याच्या बरोबरीला आणावा लागतो. तापमान स्थिरावण्यासाठी मात्र तो निव्वळ शून्यावर यावा लागतो.